मदुराईचं दार

"मीनाक्षी राहिली" हे वाक्य मी कॉलेजात असल्यापासून घरात ऐकतेय. कुणाचं रामेश्वर झालं, कुणी कन्याकुमारीचा फोटो दाखवला, टीव्हीवर दक्षिणेतलं एखादं गोपुर दिसलं, की आई हमखास म्हणणार, आमची मीनाक्षी राहिली गं.

झालं असं होतं की १९९५ च्या दिवाळीच्या सुट्टीत आई, बाबा आणि मावशी एका टूरवाल्याच्या बसने बारा दिवसांची दक्षिण यात्रा करून आले. मदुराईच्या वाट्याला दोन तास ठेवलेले. आदल्या रात्री बस पंक्चर झाली, सकाळी आचाऱ्याचे पोहे उशिरा झाले, आणि बस देवळापाशी लागली तेव्हा पाऊण वाजलेला. देऊळ साडेबाराला बंद होतं ते थेट चारला उघडतं. टूर मॅनेजर म्हणाला कळसाला हात जोडा, कळस बघितला तरी दर्शनच, संध्याकाळपर्यंत रामेश्वर गाठायचंय. मग सगळ्यांनी रस्त्यावर उभं राहून त्या एवढ्या उंच गोपुराला हात जोडले. आई तेवढी धावत धावत दारापर्यंत गेली, बंद फळीला हात लावून आली आणि बसमध्ये खिडकीशी बसून रामेश्वरपर्यंत कुणाशी बोलली नाही, हे मला मावशीने सांगितलं. एक देऊळ चुकलं तर एवढं काय, असं मला तेव्हा वाटलं होतं. आईच्या मनात ते बंद दार का रुतून बसलं ते कळायला मला खूप वर्षं लागली, आणि ते कळलं तेही मदुराईतच.

२०२२ च्या डिसेंबरात शेवटी जमलं. बाबांचे गुडघे आता एवढ्या प्रवासाला नको म्हणतात म्हणून आई, मावशी आणि मी अशा तिघीच निघालो. आईची एकच अट होती, तीन दिवस आणि एकच गाव, मला दुसरीकडे कुठेही न्यायचं नाही. चेन्नईहून रात्रीची पांडियन एक्सप्रेस धरली, पहाटे अंधारातच मदुराईला उतरलो आणि स्टेशनसमोरच्या गल्लीतल्या लॉजवर सामान टाकलं.

तमिळ लोकांचा मार्गळी महिना नुकता लागलेला. हा महिना म्हणजे पहाटेचा महिना. आम्ही चहा शोधायला बाहेर पडलो तर अजून उजाडलेलंही नव्हतं, आणि दारोदारी बायका वाकून कोलम काढत होत्या, पाणी मारलेल्या जमिनीवर तांदळाच्या पिठाची रेघ, चिमटीतून एका दमात सुटलेली, कुठे तुटत नाही की थरथरत नाही. आई एका घरासमोर थांबली ती थांबलीच. त्या बाईंनी वर बघितलं, हसल्या, आणि हातातलं पिठाचं डबडं आईपुढे केलं. आईने चार ठिपके काढून आपली साधी गोपद्मं काढली. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती आणि दोघींचं काही अडलंही नाही.

मदुराईची रचना नकाशावर बघितली तर कळते, पण पायी फिरल्यावर जास्त कळते. मध्ये देऊळ, त्याभोवती चौकोनात रस्ते, मग त्याच्या बाहेर आणखी मोठा चौकोन, मग आणखी एक. रस्त्यांना नावं तमिळ महिन्यांची, आडी, चित्तिरै, आवणी, मासी. म्हणजे तुम्ही पत्ता विचारत फिरता तेव्हा वर्षच फिरत असता. चैत्रातल्या उत्सवात देवाचे रथ मासीच्या रस्त्यांवरून निघतात. दिवसभर कुठेही चाला, मान वर केली की एखादं गोपुर दिसतंच, एकूण चौदा आहेत आणि दक्षिणेकडचं सगळ्यात उंच, पन्नास मीटरच्या वर. आम्ही तिघी एकदाही रस्ता चुकलो नाही.

लॉजवर एक म्हातारे मॅनेजर होते, मोडकंतोडकं हिंदी बोलायचे. बाबा आले नाहीत हे कळल्यावर त्यांनी आईला विचारलं, तुमच्याकडे मदुराई की चिदंबरम? आम्हाला काही कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं, की ज्या घरात बाईचं चालतं त्या घराला मदुराई म्हणायचं आणि जिथे पुरुषाचं चालतं त्याला चिदंबरम. चिदंबरम नटराजाचं आणि मदुराई मीनाक्षीची. ही म्हण नुसती गंमत म्हणून नाहीये हं. पुराणकथेप्रमाणे मीनाक्षी ही पांड्य राजाची यज्ञातून जन्मलेली मुलगी, तिला मुलासारखं वाढवलं, गादीवर बसवलं, ती दिग्विजयाला निघाली आणि थेट कैलासापर्यंत गेली, तिथे शिवाला बघितलं आणि मग लग्न. आणि लग्नानंतर ती सासरी गेली नाही, तोच इकडे आला, सुंदरेश्वर होऊन. अजूनही दर चैत्रात तिचा राज्याभिषेक होतो, मुकुट आणि राजदंड देऊन, त्यानंतरचे चार महिने मदुराईवर राज्य तिचं, आणि श्रावणाच्या सुमारास ते सुंदरेश्वराकडे जातं. देवळात दर्शनाचा क्रमसुद्धा असा की आधी तिचं घ्यायचं, मग त्याचं.

मावशीला हे फारच आवडलं. "आमच्याकडे मदुराई," ती मॅनेजरना ठणकावून म्हणाली.

देवळात जायच्या आधी चपला ठेवायच्या आणि मोबाईलही ठेवायचा. २०१८ च्या फेब्रुवारीत देवळातल्या वीरवसंतराय मंडपात आग लागली होती, दुकानं जळाली, दगडी छत कोसळलं, त्यानंतर मोबाईल आत नेणं बंद झालं. सुरुवातीला मला हात रिकामे वाटले. तासाभराने लक्षात आलं की इतक्या माणसांमध्ये कुणीच हात वर करून उभं नाहीये, सगळे समोर बघतायत. माझ्याकडे आतला एकही फोटो नाही आणि तरी ते देऊळ मला जितकं आठवतं तितकं दुसरं कुठलंच आठवत नाही.

रांगा दोन होत्या, पैसे देऊन लवकर आत नेणारी आणि फुकटची. डिसेंबरात शबरीमलैला जाणारे काळ्या कपड्यातले अय्यप्पा भक्त वाटेत इथे थांबतात, त्यामुळे फुकटची रांग पार लांबलेली. मी तिकीट काढायला निघाले तर आईने दंडाला धरून थांबवलं. "आपण सगळ्यांच्या रांगेतून जायचं," म्हणाली. अडुसष्ट वर्षांची बाई, दीड-दोन तास उभं राहायचं, मी जरा वैतागूनच म्हटलं की अगं पण का? तेव्हा रांगेत उभ्या उभ्या तिने जे सांगितलं ते मी तुकड्यातुकड्यांनी आधी ऐकलं होतं, सलग कधीच नाही.

आईचे आजोबा माळकरी. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून दरवर्षी पायी पंढरपूरला जायचे, आषाढीला आणि जमलं तर कार्तिकीलाही. चंद्रभागेत अंघोळ, मग महाद्वारासमोर नामदेवाच्या पायरीपाशी चोखोबांची समाधी आहे तिथे डोकं टेकायचं, आणि तिथूनच माघारी. पुढे पायऱ्या होत्या, दार होतं, आत विठ्ठल होता, आणि आमच्या लोकांना त्या दारातून आत जायची परवानगी नव्हती. उभ्या जन्मात किती वाऱ्या केल्या असतील त्यांनी, मूर्ती एकदाही बघितली नाही. १९४४ साली गेले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि देऊळ सगळ्यांसाठी खुलं झालं, त्या वर्षी आईचे वडील, म्हणजे आमचे आबा, बारा-तेरा वर्षांचे होते, ते आत गेले. आबा सांगायचे की विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवलं आणि पहिला विचार आला तो हा, की तीन वर्षं, देवा, फक्त तीन वर्षं थांबायचं होतंस.

"म्हणून मला बंद दार बघवत नाही," आई म्हणाली. मग पुढची माणसं सरकली तशी आम्हीही सरकलो.

मी येण्याआधी थोडं वाचलं होतं, ते मी तिला तिथेच सांगितलं. या मीनाक्षीच्या देवळातसुद्धा असंच होतं. दलितांना आणि नाडार समाजालाही आत मज्जाव होता. गांधीजी मदुराईला आले होते, याच गावात १९२१ साली त्यांनी सदरा-टोपी सोडून पंचा नेसला, पण ते या देवळात आले नाहीत, सगळ्यांना आत घेतील तेव्हाच येईन म्हणाले. मग ८ जुलै १९३९ ला सकाळी वैद्यनाथ अय्यर नावाचे इथलेच एक ब्राह्मण वकील, काँग्रेसचे आणि हरिजन सेवक संघाचे, पाच दलित आणि एका नाडार कार्यकर्त्याला बरोबर घेऊन आत शिरले. देवळाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना अडवलं नाही. त्या पाचांतले एक कक्कन, पुढे राज्याचे मंत्री झाले. काही पुजाऱ्यांनी पूजा करायला नकार दिला, अय्यरांवर त्यांच्याच लोकांनी राग धरला, कोर्टकचेऱ्या होऊ नयेत म्हणून राजाजींच्या सरकारला घाईने वटहुकूम आणि मग कायदा करावा लागला. आणि १९४६ साली गांधीजी या देवळात आले.

आईने बोटांवर मोजलं. "म्हणजे आपल्या आधी आठ वर्षं," ती म्हणाली. तिचे आजोबा तेव्हा जिवंत होते. ते मदुराईत जन्मले असते तर आत गेले असते. हे ती बोलली नाही, पण तिचं बोट आठावरच थांबलेलं मला दिसत होतं.

आत, गाभाऱ्याच्या बाजूला अजूनही पाटी आहे, यापुढे फक्त हिंदूंना प्रवेश. ती पाटी वाचून मला बरं वाटलं नाही आणि ते मी इथे लिहितेय. आमच्या पुढे दोन परदेशी मुली होत्या, सगळं मन लावून बघत आलेल्या, त्या तिथून मागे वळल्या. आईने त्यांच्याकडे वळून वळून बघितलं.

मीनाक्षी दिसते ती तेलाच्या दिव्यांत, आणि लांबून. हिरवट काळ्या दगडाची, उभी, एका अंगाला किंचित झुकलेली, हातात पोपट. पोपट मला आधी दिसला नव्हता, आईला दिसला. पुजाऱ्याने आरती वर केली तशी नथीचा खडा एकदम चमकला आणि मागच्या लोकांनी आवाज काढला, आणि तेवढ्यात आम्ही पुढे. दहा सेकंदं, फार तर पंधरा. मला वाटलं आई रडेल, ती काही रडली नाही, केवड्याच्या वासाचं कुंकू चिमटीत घट्ट धरून ती म्हणाली, आता बसायचं कुठे?

आणि मग आम्ही बसलो. बाकीचे दिवस मुख्यतः बसलोच म्हणायला हरकत नाही. पोट्रामरै कुलम, म्हणजे सोन्याच्या कमळाचं तळं, मध्ये सोनेरी कमळ आणि चारी बाजूंनी पायऱ्या, भोवती ओवऱ्या. एका बाजूच्या ओवरीच्या भिंतीवर संगमरवरात अख्खं तिरुक्कुरळ कोरून ठेवलंय, १३३० दोहे, देवळाच्या भिंतीवर नीतीचं पुस्तक. आख्यायिका अशी की जुन्या तमिळ कवींच्या संघमची फळी या तळ्यात असायची, कुणी नवं काव्य आणलं की ते फळीवर ठेवायचं, खरं असेल तर फळी पेलायची, फालतू असेल तर बुडवायची. आपल्याकडे इंद्रायणीने तुकोबांच्या वह्या तारल्या, आईला लगेच ते आठवलं. दोन्हीकडे निवाडा पाण्याचा.

याच तळ्याची आणखी एक गोष्ट आहे, नक्कीररची. शंकराने स्वतः लिहिलेल्या कवितेत या कवीने चूक काढली. शंकराने चिडून तिसरा डोळा उघडला, अंगाची आग आग झाली, तरी नक्कीरर म्हणाला की कपाळावरचा डोळा उघडलात तरी चूक ती चूकच. आणि होरपळून या तळ्यात पडला. ही गोष्ट देवाच्या घरातच, देवाच्या तळ्याकाठी सांगितली जाते याचं मला फार अप्रूप वाटलं. मी ती आईला सांगितली तर ती कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, आबांना सांगायला हवी होती ही.

बाकी देवळात बघण्यासारखं इतकं आहे की लिहायला बसले तर संपणार नाही. हजार खांबांचा मंडप आहे, प्रत्यक्षात खांब ९८५. मुक्कुरुणी पिल्लैयार नावाचा भलामोठा गणपती आहे, मुक्कुरुणी म्हणजे तीन कुरुणी, हे तांदळाचं माप, आणि गणेश चतुर्थीला तेवढ्या तांदळाचा एकच प्रचंड कोळुकट्टै, म्हणजे आपला उकडीचा मोदकच, त्याला दाखवतात. मावशी त्याच्या पाऱ्या कशा वळत असतील याचाच विचार करत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी देऊळ बंद असताना मावशीला सुंगुडी साडी घ्यायची होती. ही मदुराईची सुती साडी, कापडाला दोऱ्याच्या बारीक बारीक गाठी मारून रंगवायची, गाठ सोडली की तिथे ठिपका राहतो. दुकानदाराने एक न सोडलेली साडी दाखवली, गाठी तशाच होत्या, हात फिरवला तर बाजरीच्या कणसावरून फिरल्यासारखं वाटत होतं. मग एक गाठ नखाने ओढून सोडली, आणि निळ्यावर पांढरा ठिपका उमटला, मधोमध इवलासा रंग राहिलेला. हे करता करता तो मागे बसलेल्या बाईंशी बोलत होता आणि आम्ही तिघींनी एकदम कान टवकारले. तीन, चार, पाणी. तमिळ नव्हतं ते. ही सौराष्ट्र लोकांची भाषा. गुजरातेतून निघालेले हे विणकर, देवगिरी आणि मग विजयनगर असं करत करत काही शतकांपूर्वी मदुराईत आले असं मानतात, आणि वाटेतल्या मुक्कामांतली मराठी त्यांच्या बोलण्यात राहिली. तमिळ सिनेमाचे थोर गायक टी. एम. सौंदरराजन याच समाजातले. मावशीने मराठीतूनच घासाघीस सुरू केली, आणि आकडे बऱ्यापैकी जुळले.

गजऱ्यांचं तर काय सांगू. इथला मोगरा, मदुरै मल्ली, भौगोलिक मानांकन मिळालेला. थंडीत फूल कमी येतं म्हणून भाव चढलेले. विकतात ते मुळमवर, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक मुळम. "अम्मा, पू वेणुमा?" म्हणत एक म्हातारी फुलवाली रोज चित्तिरैच्या कोपऱ्यावर असायची. तिचा हात चांगला लांब, आणि मोजून झालं की वर चार बोटं गजरा सोडायची, मगच तोडायची. आई म्हणाली आपल्याकडेही पूर्वी हातावरच मोजायचे. केसांत घालून रात्री लॉजवर झोपलो की उशीला वास, सकाळीसुद्धा.

शेवटच्या रात्री आम्ही शयनारतीला थांबलो, तमिळमध्ये पळ्ळियरै पूजा. साधारण नऊची वेळ. दिवसभराची गर्दी ओसरलेली, जमीन पायाला गार लागत होती, जे होते ते बहुतेक गावातलेच, ऑफिसातून आलेले, पोरं खांद्यावर झोपलेली. सुंदरेश्वराच्या गाभाऱ्याकडून आधी तविल आणि नादस्वरम ऐकू आलं, मग दिवट्या, धूर, आणि चौघांच्या खांद्यावर चांदीची छोटी पालखी. आत देवाच्या पादुका, मोगऱ्यात बुडालेल्या. रोज रात्री तो असा आपल्या जागेवरून उठून तिच्या खोलीत येतो. ती त्याच्याकडे जात नाही, तो येतो. मीनाक्षीच्या दाराशी पालखी थांबली, आरती झाली, पंख्याने वारा घातला, कुणीतरी अगदी हळू आवाजात तमिळमध्ये पद म्हटलं. एवढ्या मोठ्या दगडी देवळात आवाज असा खाली आला होता, घरात कुणी झोपायला टेकलं की आपण बोलणं कमी करतो तसा. पादुका आत गेल्या. शेजारचे एक काका धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते, बहुधा रोज येणारे असावेत.

मग दार लावून घेतलं. आतून कडीचा आवाज आला.

मी आईकडे बघितलं, मला वाटलं बंद दार, आता तिला काहीतरी होईल. ती शांत उभी होती, हात जोडलेले, गजरा एका बाजूला सरकलेला.

"झोपू दे आता त्यांना," ती म्हणाली. आणि मग चालता चालता, "तेव्हाही दुपारची झोपलीच असेल ना गं. मी मेली उगाच फळी वाजवली."

सत्तावीस वर्षांत तिने फळी वाजवल्याचं कधी सांगितलं नव्हतं. हात लावला एवढंच सांगायची.

बाहेर रस्त्यावर इडलीच्या टपऱ्या चालूच होत्या, हे गाव रात्री झोपत नाही म्हणतात. केळीच्या पानावर चार-चार इडल्या, वाफाळत्या, सोबत तीन चटण्या. आईने पाच खाल्ल्या.